बाबांच्या वयाचे खारकच्छ

भूगोलाच्या तासाला मी अठ्ठावीस वर्षे फळ्यावर हिमनदी काढली. वर पांढऱ्या खडूचा जाड पट्टा, खाली 'यू' आकाराची दरी आणि टोकाशी ठिपक्यांचा ढीग, म्हणजे हिमनदीने ढकलत आणलेल्या दगडगोट्यांचा हिमोढ. वर्गाबाहेर नागपूरचा फुफाटा असायचा आणि समोरच्या मुलींनी पाण्याचा मोठा साठा पाहिलेला असायचा तो अंबाझरी नाही तर फुटाळ्याचा. खरे सांगायचे तर हिमनदी मीही पाहिलेली नव्हती. निवृत्तीनंतर यंदाच्या जूनमध्ये धाकट्या बहिणीबरोबर आइसलँडला गेले, ते मुख्यतः ही उणीव भरून काढण्यासाठी.

राजधानी रेक्याविकहून योकुल्सारलॉन या खारकच्छापर्यंतचे, म्हणजे समुद्रालगत बांधाआड साचलेल्या पाण्यापर्यंतचे, अंतर सुमारे ३७० किलोमीटर आहे. जाऊन-येऊन ते नागपूर-पुणे प्रवासाइतके होते आणि गाईडसह निघणाऱ्या बसने आम्ही ते एकाच दिवसात केले. सकाळी थेट खारकच्छ गाठायचे आणि बाकीची ठिकाणे परतीच्या वाटेवर पाहायची, असा क्रम होता. जाताना एल्डहराउनचा लाव्हा लागला. १७८३ साली लाकी ज्वालामुखीच्या भेगांमधून आठ महिने वाहत राहिलेल्या या लाव्ह्यावर आता शेवाळाची जाड, राखट हिरवी गादी पसरली आहे. पुढे स्काफ्ताफेलजवळ रस्त्याच्या कडेला पिळवटलेले दोन लोखंडी गर्डर दिसले. १९९६ साली बर्फाखालच्या ज्वालामुखीने वितळवलेले पाणी एकदम फुटून बाहेर आले आणि त्याने पूल उचलून नेला. त्या पुलाचे हे अवशेष आहेत. कापड पिळावे तसे ते लोखंड पिळलेले पाहिल्यावर बस बराच वेळ शांत होती.

ज्या वात्नायोकुल हिमटोपीतून हे पाणी आले, तिचा विस्तार सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर आहे. आपल्या परिचयाच्या मापात सांगायचे तर पाऊण नागपूर जिल्हा बर्फाखाली आहे. तिच्यातून उतरणाऱ्या ब्रेडामेर्कुरयोकुल या हिमनदीच्या तोंडाशी योकुल्सारलॉन आहे. 'खारकच्छ' म्हटले की आमच्या पुस्तकात चिल्का सरोवराचे उदाहरण असे, कारण तिथे वाळूच्या दांड्याने समुद्राचे पाणी अडवले आहे. इथे अडवणारा बांध हिमनदीनेच रचला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती समुद्राच्या अगदी जवळ येऊन थांबली होती, तिने पुढे ढकलत आणलेल्या दगडगोट्यांचा ढीग तिथे राहिला, आणि ती मागे सरू लागल्यावर तिनेच खोल कोरलेल्या खळग्यात पाणी साचत गेले. हे पाणी १९३४-३५ च्या सुमारास दिसू लागले. आज त्याची खोली सुमारे २५० मीटर आहे आणि १९७० च्या दशकापासून त्याचे क्षेत्रफळ चौपटीच्या आसपास वाढले आहे. गाईडने १९३५ हा आकडा उच्चारला तेव्हा बहिणीने माझा हात दाबला आणि म्हणाली, "ताई, बाबांचं साल." आमचे बाबा १९३५ चे. मी जन्मभर ज्या भूरूपाला लक्षावधी वर्षांच्या हिशेबात मोजत आले, ते माझ्या वडिलांबरोबर वाढलेले होते.

पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणाऱ्या बोटीतून आम्हाला हिमनगांमध्ये नेले. काही पांढरे होते, काहींवर ज्वालामुखीच्या राखेचे काळे थर चढलेले होते, आणि नुकताच उलटलेला एक इतका गडद निळा होता की त्याच्या आत दिवा असावा असे वाटले. शतकानुशतकांच्या दाबाने बर्फातली हवा निघून जाते आणि असा घट्ट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो, म्हणून निळा रंग उरतो. गाईडने पाण्यातून एक तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला. तो आपल्या फ्रीजमधल्या बर्फासारखा धुरकट नव्हता, काचेसारखा आरपार होता. कडेला राखेचा एकच काळा कण अडकला होता, आणि कानाशी नेल्यावर बारीक तडतड ऐकू आली. आत उरलेले हवेचे सूक्ष्म बुडबुडे वितळताना फुटत होते. गाईडच्या म्हणण्याप्रमाणे तो बर्फ हजार वर्षांपूर्वीचा असू शकतो. हजार वर्षांपूर्वीची हवा माझ्या तळहातावर सुटत होती, आणि मला काहीच बोलता आले नाही.

खारकच्छातून समुद्राकडे जाणारी नदी अगदी आखूड आहे. भरतीला समुद्राचे पाणी तिच्यातून आत शिरते, त्याच्याबरोबर मासे येतात आणि माशांपाठोपाठ सील. ओहोटीला हिमनगांचे तुकडे बाहेर वाहतात आणि लाटा त्यांना काळ्या वाळूवर आणून टाकतात. पर्यटक त्या किनाऱ्याला हिऱ्यांचा किनारा म्हणतात. मला मात्र तिथे वितळण्याचाच विचार येत होता. गुडघ्याएवढा एक तुकडा मी पाहत असतानाच लाटेने दोनदा हलवला, आणि तिसऱ्या लाटेनंतर तो तिथे नव्हता.

परतीच्या वाटेवर साठ मीटरांवरून कोसळणारा स्कोगाफॉस धबधबा पाहिला, त्याच्या तुषारांत भिजलो. रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर कड्याला टेकलेले बेसाल्टचे षटकोनी खांब आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला अशा सरळ भेगा पडतात. आपला सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे तीही बेसाल्टचीच. फरक वयाचा आहे: आपला दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर आइसलँडचा सर्वांत जुना खडकही दोन कोटी वर्षांच्या आतला. रेनिसफ्याराला समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये, कारण शांत वाटणाऱ्या समुद्रातून अचानक मोठी लाट येऊन माणसे ओढली गेली आहेत. धोक्याचा दिवा लागलेला असतानाही लोक पुढे जात होते, याचे मला फार वाईट वाटले.

सहल घडवणाऱ्या कंपनीबद्दल एक तक्रार आहे. पंधरा तासांच्या दिवसात खारकच्छाला बोटीसह जेमतेम दीड तास दिला, आणि जवळचेच फ्यालसारलॉन हे शांत, छोटे हिमनदीचे सरोवर खिडकीतूनही दाखवले नाही. गाईड मात्र जाणकार होता. ज्यांना जमेल त्यांनी वाटेत एक रात्र मुक्काम करावा आणि खारकच्छाला सकाळचा पूर्ण वेळ द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

रात्री साडेदहाला परतलो तेव्हाही उजेड होता. नागपूरला आल्यावर बूट झटकताना तळव्याच्या खाचेतून चिमूटभर काळी वाळू पडली. मुद्दाम काही उचलून आणायचे नाही हा नियम मी पाळला होता, ही नकळत आली. नव्वदी ओलांडलेले बाबा अंगणात बसले होते. त्यांचे सारे आयुष्य काटोलकडच्या कपाशीच्या काळ्या वावरात गेले. मी ती वाळू त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दोन बोटांत चोळली, पेल्यातल्या पाण्याचा थेंब टाकून पुन्हा चोळली आणि म्हणाले, "काळी तर आपल्यासारखीच आहे, पण चिकटत नाही." हाही बेसाल्टच, फक्त अजून झिजून माती झालेला नाही, हे मी त्यांना सांगू लागले. त्यांनी खुर्ची जवळ ओढायला सांगितली आणि विचारले, "किती वर्षं लागतील?"