जोडवर्गाची आदली रात्र

रविवार, १५ जून २०२५

उद्या शाळा उघडतात. विदर्भातल्यांना अजून आठवडा आहे. जिल्हा परिषदेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षण सेवकांचा विचार आज सारखा मनात येतोय. ३ वर्षांची सेवा, महिना १६,००० रुपये मानधन, आणि पुष्कळांच्या वाट्याला वस्तीवरची द्विशिक्षकी शाळा. डी.एड.ला पाठ घेतले ते एकाच इयत्तेचे. इथे एका खोलीत पहिली-दुसरी, शेजारी तिसरी-चौथी, आणि दुसरे गुरुजी केंद्रावर बैठकीला गेले की चारही वर्ग एकाच्या गळ्यात.

अशा जोडवर्गात, म्हणजे एका शिक्षकाकडच्या एकत्र इयत्तांत, शिकवणं त्यातल्या त्यात सोपं. कठीण असतं ते, ज्यांना आत्ता शिकवत नाही त्यांना गुंतवून ठेवणं. नवा माणूस दुसरीला सांगतो, 'पुढचा धडा पाहून लिहा.' दहा मिनिटांत मुलं 'बाई, झालं!' म्हणत टेबलाभोवती गोळा होतात आणि पहिलीचा पाठ तिथेच मोडतो. स्वयंअध्ययनाला नवं काही देऊच नये. कालचं, येत असलेलंच द्यावं. एकाऐवजी दोन कामं आधीच फळ्यावर लिहावीत. पहिलं झालं की पाटी पालथी घालून दुसरं सुरू करायचं, उठायचं नाही. दोन्ही वर्गांची तोंडं विरुद्ध भिंतींकडे, दोन फळे. १५ मिनिटांनी अदलाबदल. ही घडी पहिल्या आठवड्यात बसत नाही. बसत नाही म्हणून ती सोडून देणं हीच खरी चूक.

वाचनाचं सोंग लवकर ओळखायला हवं. सगळा वर्ग एका सुरात धडा म्हणतो तेव्हा निम्म्यांना तो नुसता पाठ असतो. ओळीच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवावं, किंवा शेवटच्या शब्दाकडून उलटं वाचायला लावावं, लगेच कळतं. असं एकेकाचं वाचन तपासायला मुलामागे ३ मिनिटं धरली तर २८ मुलांना ८४ मिनिटं लागतात, म्हणजे रोज ७ मुलं घेतली की ४ दिवसांत काम संपतं. तपासणीच्या वाचनकार्डावर १० अक्षरं, १० साधे शब्द, ४ वाक्यं पुरेत. अक्षरांत घ-ध, भ-म, थ-य या जोड्या हव्यातच, मुलं तिथेच अडखळतात. निकाल वहीत लिहावा, वर्गात मोठ्याने सांगू नये.

गणितात आपली भाषाच थोडी आडवी येते. 'त्रेपन्न' ऐकताना तीन आधी कानावर पडतात, म्हणून मूल ३५ लिहितं. 'एकोणपन्नास'मध्ये पन्नास ऐकू येतात, म्हणून ४९ च्या जागी ५९ येतं. हा मठ्ठपणा नव्हे, मूल ऐकलं तसं लिहितंय. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'बहात्तर'च्या जोडीला 'सत्तर दोन' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! वर्गात मात्र दोन्ही रूपं शेजारी-शेजारी ठेवली की मुलांचा गोंधळ कमी होतो. वजाबाकीत ५२ वजा ३७ चं उत्तर २५ आलं तर मुलाने एककात मोठ्यातून लहान वजा केलंय. फळ्यावर हातचा कितीही समजावला तरी ते जात नाही. काड्यांचे दहा-दहाचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या काड्या हातात द्याव्यात. ७ काढता येत नाहीत म्हटल्यावर मूल स्वतःच एक गठ्ठा सोडतं. १५ उरतात.

कागदांचं थोडक्यात. जनरल रजिस्टरमधलं, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतलं, नाव आणि जन्मतारीख पुढे दाखल्यावर जाते. तिथे व्हाइटनर नको, वरिष्ठांच्या लेखी आदेशाशिवाय खाडाखोडही नको. पोषण आहाराचा तांदूळ पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम: २८ हजर, तर २ किलो ८०० ग्रॅम. हजेरी मोजून मगच तांदूळ काढावा आणि नोंद त्याच दिवशी करावी. महिनाअखेरीस एकदम लिहिलेली नोंद शिल्लक पोत्याशी कधीच जुळत नाही. वाढण्याआधी चव घेऊन चव रजिस्टरवर सही.

घसा बसतो, तो पहिल्या पंधरवड्यात हमखास. ओरडून वर्ग शांत होत नाही, आवाज मात्र जातो. ठरलेली टाळी लावावी. आणि मार नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तो बंदच आहे. ऑगस्ट उजाडला तरी काही मुलं अक्षरांतच अडकलेली दिसतील. घाबरू नये. वहीतली जूनची नोंद काढून बघावी. तिथे ४ अक्षरं असतात आणि आता १४.

उद्याच्या पिशवीत: वाचनकार्डं, १०० काड्या, रंगीत खडू, टाचण वही (रोजच्या पाठाची तयारी लिहायची). गठ्ठ्यांना रबरं १० लागतात, पण २० घ्यावीत. मुलं ती बोटांवर ताणून तोडतात.