समुद्र नसलेल्या गावातला पावसाळा

जुलैत सलग चार दिवस पाऊस लागला, पंचगंगा पात्राबाहेर पडली आणि शाळांना सुट्टी जाहीर झाली. घरात दोन मुलं, दोरीवर तीन दिवसांचे ओले कपडे आणि एकच टुमणं: समुद्र बघायला जायचं. थोरल्याचा मित्र मे महिन्यात मालवणला जाऊन आला होता, तेव्हापासून नऊ वर्षांच्या या पोराच्या डोक्यात समुद्र बसलाय. धाकटी चार वर्षांची. समुद्र म्हणजे नक्की काय हे तिला ठाऊक नाही, पण दादा मागतोय म्हणजे तिलाही हवाच.

भर पावसात मुलांना घेऊन कोकणात उतरायला माझी तयारी नव्हती. घाटात कधी दरड येईल सांगता येत नाही, समुद्र खवळलेला असतो, सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. गाडीभाडं, लॉज, जेवण एवढा खर्च करायचा आणि मुलांना पाण्याजवळसुद्धा जाऊ द्यायचं नाही, हे काही पटेना. त्यापेक्षा आपल्या गावातलं पाणी दाखवू, असं मी आणि यांनी ठरवलं. कोल्हापूरला समुद्र नाही, पण पाण्याची काय कमतरता?

सुरुवात मात्र समुद्रापासूनच केली. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात समुद्राचा देव राहतो, हे मी थोरल्याला सांगितलं आणि तो बूट घालून दारात उभा राहिला.

टाऊन हॉलची इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधलेली, चार्ल्स मॅंट यांच्या आराखड्यावरून. उतरती छपरं, टोकदार कमानी. पावसात तो काळा दगड आणखी काळा होतो आणि बागेतली जुनी झाडं वरून ठिबकत राहतात. तिकीट अगदी मामुली. सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. आत काचेच्या पेटीत पोसायडनची ब्राँझची मूर्ती आहे. ग्रीक लोकांचा हा समुद्रदेव. मूर्ती वीतभरसुद्धा नाही. दाढीवाला, उघड्या अंगाचा, ताठ उभा. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे, तिथं १९४५ च्या सुमारास उत्खनन झालं, त्यात हा सापडला. सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा, बंदरात उतरलेला माल घाट चढून आपल्याकडं यायचा, त्या मालाबरोबर हा आला.

थोरला काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, “म्हणजे हा समुद्रातनं घाट चढून आला? चालत?” बैलाच्या पाठीवर आला असेल, असं यांनी सांगितलं. त्यावर धाकटीचा प्रश्न, “त्याला थंडी वाजत नाही?” दोघांनाही पेटीपासून हलवायला मला बरेच प्रयत्न करावे लागले. ज्या मुलांना मोठं काही दाखवल्याशिवाय गंमत वाटत नाही असं आपण समजतो, ती बोटाएवढ्या वस्तूपुढं इतकी रमतात, हे बघून मला फार बरं वाटलं.

तिथून पंचगंगेवरचा शिवाजी पूल जवळच. पाऊस थांबला होता म्हणून चालत गेलो. कोल्हापुरात पावसाळ्यात ‘पाणी बघायला जाणं’ हा वेगळा कार्यक्रमच असतो, आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळे जातात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्या दिवशी पाणी अजून इशाऱ्याच्या खाली होतं, तरी पलीकडची शेतं दिसेनाशी झाली होती. गढूळ, तांबूस, फेसाळ पाणी आणि त्यात गरागरा फिरत जाणारा एक ओंडका. आमच्या सासूबाई बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी फूट-बिट कोण सांगत नव्हतं. पुलाच्या कमानीला पाणी टेकलं की मच्छिंद्री झाली म्हणायचे, झालं. मग सामान माळ्यावर.”

इथं एक गोष्ट मनापासून सांगते. पाणी लांबून, काठावरच्या आडव्या बांबूंच्या मागं उभं राहूनच बघा. २०१९ आणि २०२१ साली हेच पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, घरं बुडाली, जनावरं गेली. मुलाला मी ते तिथंच उभं राहून सांगितलं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून ही नदी होते, म्हणून राधानगरीकडं पाऊस पडला की इथं पाणी चढतं, हेही सांगितलं. तिकडच्या धरणाचे दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात, माणसाला हात लावावा लागत नाही, हे ऐकून त्याला पोसायडनपेक्षाही मोठा चमत्कार वाटला. राजर्षी शाहू महाराजांनी ते धरण बांधायला घेतलं, हे त्याला शाळेत शिकवलं होतं. दरवाजांचं मात्र नवीन.

रंकाळ्याला तर आम्ही संध्याकाळी अधूनमधून जातोच. कणीस, भेळ, वारा. त्याबद्दल वेगळं लिहीत नाही. पन्हाळा पावसाळ्यात सुंदरच, पण रविवारी तिकडं मुलांना नेऊ नये असं माझं मत आहे. धुक्यात गाड्यांची रांग आणि भुकेली पोरं. जायचंच तर मधल्या वारी सकाळच्या एसटीनं जा.

सगळ्यात चांगली सहल झाली ती ऑगस्टच्या शेवटी, पाणी ओसरल्यावर. खिद्रापूर आणि परतीच्या वाटेवर नृसिंहवाडी. खर्चाचं गणित आधी सांगते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, थोरल्याला अर्धं, पाच वर्षांच्या आतली म्हणून धाकटी फुकट, पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई फुकट आणि यांचं पूर्ण. म्हणजे पाच माणसं दोन तिकिटांच्या पैशात. सासूबाईंचं आधारकार्ड तेवढं आठवणीनं घेतलं. डब्यात भाकरी, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी. कुरुंदवाडपर्यंत एसटी आणि पुढं वडाप, म्हणजे माणशी भाडं घेऊन नेणारी खासगी गाडी. वडापमध्ये दाटीवाटी झाली, पण मुलांना तीच आवडली.

खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. तिकीट नाही. आत शिरताच स्वर्गमंडप लागतो. त्याच्या छताच्या मधोमध मोठा गोल मोकळा ठेवलाय आणि बरोबर त्याच्याखाली जमिनीवर तेवढ्याच आकाराची एकसंध गोल शिळा. भोवती बारा नक्षीदार खांब. आम्ही पोचलो आणि पाचच मिनिटांत सर आली. आम्ही सगळे खांबांच्या मागं कोरडे उभे आणि मधोमध गोलातून पाऊस कोसळतोय. चौफेर छताची सावली, मध्ये पांढरा उजेड आणि त्या उजेडातून सरळ खाली येणारं पाणी. शिळेवर थेंब फुटून वीतभर उंच उडत होते. आवाज असा घुमत होता की बोललेलं ऐकू येईना. धाकटीनं हात लांब करून तळवा त्यात धरला आणि आत ओढून घेतला, पुन्हा धरला, पुन्हा ओढला.

थोरला खांब मोजत होता. बारा झाल्यावर त्यानं पावसाकडं बोट केलं आणि माझ्या कानाशी येऊन ओरडला, “आई, हा तेरावा!”

खरंच तो खांबच होता. छतापासून जमिनीपर्यंत गोल, सरळ, पाण्याचा. मी या देवळात लग्नाआधीही येऊन गेले होते, पण उन्हाळ्यात. तेव्हा हा खांब नव्हता.

सर थांबल्यावर सासूबाईंनी गाभाऱ्यासमोर बसून मुलांना गोष्ट सांगितली. सतीनं प्राण सोडले म्हणून महादेव कोपले, म्हणून हा कोपेश्वर. त्यांची समजूत काढायला विष्णू आले, ते धोपेश्वर. म्हणून आत दोन लिंगं. आणि समोर नंदी नाही, कारण नंदीवर बसूनच सती माहेरी गेली. तो नंदी नदीपलीकडं यडूरला आहे. “मग तो परत का आला नाही?” हा धाकटीचा प्रश्न आजीला निरुत्तर करून गेला. बाहेर भिंतीच्या तळाशी हत्तींची रांगच्या रांग कोरलीय. मुलं ते मोजत फिरली, मध्येच सोंड मोडलेले हत्ती धरायचे की नाहीत यावरून भांडली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत सुटली. फरशी शेवाळलेली असते, चपला काढल्यावर मुलांचा हात सोडू नका.

नृसिंहवाडीला पोचेपर्यंत चार वाजले. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढलं की ते देवळात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसं येतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी उतरलं होतं, पायऱ्यांवर गाळ धुण्याचं काम चाललं होतं.

आम्ही पलीकडं संगम दिसतो तिथं उभे राहिलो. पंचगंगा इथं कृष्णेला मिळते. “आणि कृष्णा कुठं जाते?” थोरल्यानं विचारलं. यांनी सांगितलं, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र आणि शेवटी बंगालचा उपसागर. तो थोडा वेळ गप्प राहिला. “म्हणजे आपल्या शिवाजी पुलाखालचं पाणी समुद्रात जातं?”

“जातंय की,” सासूबाई म्हणाल्या.

त्यानं गळ्यातली पाण्याची बाटली काढली. सकाळी घरच्या नळाचं भरलेलं पाणी अजून निम्मं उरलं होतं. खालच्या पायरीवर बापाचा हात धरून त्यानं ते हळूहळू नदीत ओतलं, शेवटचा थेंब झटकला, टोपण घट्ट लावलं आणि वर येऊन म्हणाला, “आता कवठाची बर्फी.”