मागे वळून बघायचं नाही

टूर मॅनेजरचं खरं काम म्हणजे दर पाच मिनिटांनी मागे वळून डोकी मोजणं. हॉटेल, जैन जेवण, खिडकीची सीट, हे सगळं त्याच्यानंतर.

त्या दिवशी सकाळी पाँपेईत 38 ची 37 भरली. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं इटलीतलं गाव. दगडी रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खाचा अजून दिसतात. ‘चाकोरी’ म्हणजे काय ते तिथे बघावं. ग्रुपमधले एक निवृत्त काका त्या चाकोरीतून तरातरा पुढे चालले होते.

“काकू कुठायत?”

“येतेय मागून,” काका मान न वळवता म्हणाले.

वीस मिनिटांनी काकू सापडल्या. एका उंबऱ्यावर बसून चिवडा खात होत्या. “तुमचा आवाज आधी खरखरला, मग बंदच पडला,” माझी माहिती ऐकवणारं कानातलं यंत्र काढत त्या म्हणाल्या. “म्हटलं, आता बसावं. येतील शोधत.”

“तुला सांगितलं होतं ना, माझ्या मागे राहा!” काका.

“मागेच होते.”

दुपारी नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात पोचेपर्यंत मंडळींना पुतळ्यांचा कंटाळा आला होता. ‘फार्नेसे बैल’ या भल्यामोठ्या शिल्पापुढे फोटो झाले, खुर्च्यांची शोधाशोध सुरू झाली. मला मात्र एक उठावशिल्प दाखवल्याशिवाय निघायचं नव्हतं.

संगमरवराच्या पाटीवर ग्रीक पुराणातले तिघं उभे आहेत. लग्न होताच साप चावून मेलेली युरिडिकी मधे. तिला सोडवायला पाताळात गेलेला, वीणेसारखं वाद्य वाजवून तिथल्या राजाराणीलाही विरघळवणारा तिचा नवरा ऑर्फियस उजवीकडे. अट एकच होती: वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही, नाहीतर ती कायमची गेली. तो वळला. शिल्प त्या पुढच्या क्षणाचं आहे. रडारड नाही, ओढाताण नाही. तिचा हात त्याच्या खांद्यावर, आणि दुसरं मनगट डावीकडच्या हर्मीसने अगदी हलक्या बोटांनी धरलेलं. चला, वेळ झाली. हा हर्मीस मेलेल्यांना पाताळात पोचवतो आणि प्रवाशांचा देवही तोच. म्हणजे आमच्याच धंद्यातला. पाठीवर प्रवासी टोपीसुद्धा आहे.

मूळ ग्रीक शिल्प इ.स.पूर्व पाचव्या शतकाच्या अखेरचं, ते हरवलं. ही रोमन काळातली नक्कल. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातही एक आहे, पण तिच्यावर नावं भलत्याच तिघांची कोरलीत. इथे ग्रीक अक्षरांत बरोबर आहेत.

मी हे मराठीत सांगत होतो आणि खुर्च्या शोधणारे एकेक करून परत आले. एक आजी म्हणाल्या, “आपल्या सावित्रीने आणला की नवरा परत. यमाशी बोलून.” कोणीतरी म्हणालं, बायकांना जमतं, पुरुषांना धीर नसतो. त्यावर पाचदहा मिनिटं चांगलीच जुंपली. तो वळला कशाला? ती खरंच येतेय का, अशी शंका आली म्हणून? की राहवलं नाही म्हणून?

काकू त्या मनगटाकडे बघत गप्प उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “आमचे हे असते ना, तर मी नक्की सुटले असते.”

हशा पिकला. मी सवयीने डोकी मोजली. 37. काका पुढच्या दालनात पोचले होते.