रोटाची जाहिरात होत नाही

‘कानबाई स्पेशल थाळी’ ही ओळ कागदावर झकास दिसते. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई या देवीचा सण असतो, तेव्हा खान्देशातली घरं माणसांनी भरलेली असतात, बाहेरगावचे भाऊ गावी आलेले असतात, खर्चाला हात सैल असतो. तरी ही जाहिरात करू नये. रोटांचं, म्हणजे तिच्या नैवेद्याचं, धान्य घरातल्या माणसांच्या हिशेबाने मोजून घेतात, सव्वाच्या मापाने, ज्या घराची जशी रीत. ते दळताना सोवळं पाळतात. आणि शिजलेला रोट भाऊबंदांतच खायचा असतो, अगदी सख्ख्या शेजाऱ्यालाही तो देत नाहीत. पैसे मोजले की कुणालाही मिळते ती थाळी. तिला कानबाईचं नाव दिलं की जाणती बाई पहिल्याच नजरेत ओळखते, ह्या माणसाला आपला सण ठाऊक नाही.

पण त्याच रविवारी लागणारं बाकी सगळं खुशाल विकावं: चांगला गहू, चण्याची डाळ, नारळ, चौरंग, नथ, सोमवारच्या विसर्जनाची वाजंत्री. वेळ मात्र सांभाळायला हवी. रोटांचं दळण रविवारच्या आधी होतं, म्हणून गहू-डाळीची जाहिरात त्याआधीच्या सोमवार-मंगळवारी छापून यावी. शनिवारच्या अंकातली जाहिरात वाया गेली असं समजा, कारण तोवर पीठ डब्यात पडलेलं असतं.

आखाजीचंही तेच. सगळीकडे तिला अक्षय तृतीया म्हणत सोनेखरेदीचा मुहूर्त करून टाकलाय, आणि जळगाव तर सोन्याच्या बाजाराचंच गाव. पण खान्देशात त्या दिवशी पितरांची घागर भरतात, तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवतात, आगारी टाकतात, म्हणजे पितरांच्या नावाने विस्तवावर घास वाहतात, मग आमरस-पुरणपोळीचं जेवण होतं. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, सालही आखाजीलाच ठरतं. एका अर्थाने तो गेलेल्यांचा दिवस आहे, लेकींचा आहे आणि राबणाऱ्यांचाही. सराफाच्या पानभर जाहिरातीत नुसता झोका आणि माहेरवाशीण आली तरी सण ओळखू येतो, देवीच्या चेहऱ्याची गरजच पडत नाही. ‘लेकीला सोन्याने मढवून पाठवा’ अशी ओळ मात्र खोडावी. हुंडा घेणं-देणं १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि बापाच्या काळजीवर बोट ठेवून केलेली विक्री ही त्याच वाटेची पायरी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायद्याचं थोडक्यात. ‘हे यंत्र घरात ठेवा, कर्ज फिटेल’ असा मजकूर कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नका. ताईत-मंत्राने रोग बरा करण्याच्या जाहिरातींवर १९५४च्या कायद्याने बंदी आहे. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आहे आणि त्यात प्रचार करणाराही अडकतो. जानेवारी २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने टीव्हीवरच्या अशा यंत्रांच्या जाहिराती बेकायदा ठरवल्या. आपले जिल्हे त्याच खंडपीठाखाली येतात. मालाच्या नावाचंही बघा: १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार धार्मिक भावना दुखावणारं चिन्ह नोंदवता येत नाही.

छपाईत खरी चूक होते ती देवाचं चित्र कुठे पडतं ते न पाहिल्याने. वर्तमानपत्रात टाकायचं ए-फोर पत्रक मधोमध दुमडतं, आणि हौशी डिझायनर देवाचा चेहरा नेमका तिथेच बसवतो. घडीवर शाई उडते, चेहऱ्यावर पांढरी भेग पडते. कडेला तीन मिलिमीटर कापण्यात जातात, तिथे मुकुट नको. वर्तमानपत्राचं पान चौथ्या दिवशी भज्यांच्या तेलाखाली असतं, कॅरीबॅग नाल्यात, जुना फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर. म्हणून डिझाइन मंजूर करताना एकच प्रश्न विचारावा: हा कागद आठ दिवसांनी कुठे असेल? उत्तर पायदळी असं आलं तर देव काढा, तोरण, कलश, केळीचा खांब ठेवा. ही काळजी दर्ग्याच्या, विहाराच्या, चर्चच्या चित्राबाबतही तितकीच घ्यावी.

आणि ‘खान्देशी’ म्हणून सरसकट एकच मजकूर चालत नाही. धुळे, अमळनेरकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली. ‘कानबाईना रोट’ वाचून अमळनेर हसतमुख होतं, रावेरच्या कानाला तेच परकं वाटतं. सातपुड्यातल्या आदिवासी गावांत होळी हाच वर्षाचा मोठा सण. काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते, तिथे पिचकारी आणि गुलालाचा फोटो लावलेला फलक नुसता उपरा दिसतो. मजकूर त्या-त्या बोलीच्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावा, शक्यतो घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून, कारण रीतिभाती तिलाच बारकाईने माहीत असतात.

फ्लेक्सच्या वर्क ऑर्डरवर लावण्याच्या तारखेखालीच काढण्याची तारीख आणि काढणाऱ्याचं नाव लिहा. कानबाईचा फ्लेक्स सोमवारी विसर्जन झालं की त्याच संध्याकाळी उतरवायचा, आणि बांबूवाल्याची मजुरी उतरवल्यावरच चुकती करायची.