एकूण दिसलं की बेरीज

आमच्याकडे नुसती गणितं असतील तर होमवर्क टीव्हीसमोर बसूनसुद्धा होतो, शाब्दिक उदाहरणं आली की मात्र "आई, यात करायचं काय?" सुरू. कन्या चौथीत आहे, गुणाकार भागाकार सगळं येतं, अडतं ते त्या तीन-चार ओळींवर.

परवाचंच घ्या. रमाकडे 24 पेरू आहेत, ते समीरपेक्षा 6 ने जास्त आहेत, तर समीरकडे किती? हिने झटकन 30 लिहून टाकलं. का, तर "जास्त लिहिलंय ना." क्लासमध्ये शिकवतातच तसं, एकूण दिसलं की बेरीज, उरले दिसलं की वजाबाकी, प्रत्येकी दिसलं की गुणाकार नाहीतर भागाकार. मग मुलं वाचतील कशाला? शब्द हुडकायचा, आकडे उचलायचे, मोकळे. गणित काढणाऱ्याने हे ओळखूनच तो 'जास्त' तिथे पेरलाय आणि म्हणून मला असली खोडसाळ गणितं आवडतात, पालकांच्या ग्रुपवर बाकीचे "एवढ्याशा मुलांना असं कोण विचारतं" म्हणून कितीही तापले तरी.

सासूबाईंनी दोन मिनिटांत निकाल लावला. पावकी-निमकी पाठ असलेली पिढी. वही बंद केली आणि विचारलं, "पेरू जास्त कोणाकडे?"
"रमाकडे."
"मग समीरचे तीस कसे गं झाले?"
खोडरबर शोधायला लागली.

भास्कराचार्यांनी 1150 साली लीलावतीत भुंग्यांचं एक गणित घातलंय. पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्या फुलावर, या दोन हिश्श्यांत जो फरक त्याच्या तिप्पट भुंगे तिसऱ्या झाडावर, आणि एक बिचारा हवेतच घिरट्या घालतोय. एकूण भुंगे किती? विचारलंय एकूणच, करा आता बेरीज. (उत्तर 15 आहे, पडताळून बघा.)

दुसरा प्रकार बाकीचा. पिकनिकला 130 मुलं, एका बसमध्ये 40, बस किती लागतील? हिचं उत्तर 3 बाकी 10. म्हटलं त्या दहा जणांना शाळेतच ठेवायचं का, तर म्हणते उभे राहतील ना. आता रोज बेस्टमधून लोंबकळत जाणाऱ्या आईने यावर काय बोलायचं! पण हे फक्त आपल्या मुलांचं नाही. अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांना एका राष्ट्रीय चाचणीत विचारलं होतं, 1128 सैनिक, एका बसमध्ये 36, तर बस किती. बहुतेकांचा भागाकार बरोबर आला, पण 32 बस हे उत्तर जेमतेम पाव मुलांनी दिलं. कितीतरी जणांनी '31 बाकी 12' असंच लिहून ठेवलं.

सगळीच गणितं शहाणी असतात असंही नाही हं. 6 मजूर एक खड्डा 4 दिवसांत खणतात तर 24 मजूर किती दिवसांत, हे गणित काढणारा मुंबईत राहत नसणार. आमच्या गल्लीतले पेव्हर ब्लॉक उखडून ठेवलेत ते पावसाळ्याआधीपासून, तिथे मजूर किती हा प्रश्नच नाहीये.

आणि मुलांना एकदा हे विचारून बघाच. बोटीवर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? फ्रान्समध्ये ग्रनोबलला 1980 च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या 97 मुलांना असले प्रश्न घातले तर 76 जणांनी दिलेल्या आकड्यांवरून काहीतरी उत्तर काढून दाखवलं. "असं कसं सांगता येईल" म्हणणारे थोडेच. मी आमच्या बाईसाहेबांना विचारलं, म्हणाली 36. कशावरून? तर वजाबाकी केली तर 16 येतात आणि सोळा वर्षांच्या मुलाला बोट चालवायला देत नाहीत, म्हणून बेरीज.