आमची वाटचाल: रात्री बंद न करावा लागणारा फिल्टर

२००९ साली नाशिकच्या सिडकोतल्या एका गाळ्यात आम्ही दोघा भावांनी दुकान थाटलं, तेव्हा मुख्य काम माशांच्या काचेच्या टाक्या बनवायचं होतं. धाकटा काच कापायचा, सिलिकॉन भरायचा. ऑर्डरी आणि हिशेब माझ्याकडे. मासे कुर्ल्याच्या होलसेल बाजारातून यायचे, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांमध्ये, कसारा घाट चढून. फिल्टरला दुकानात एक फळी होती, तेवढीच. दोन फुटी टाकी घेतली की पॉवर फिल्टर (पाण्यात बुडवायचा, मोटरवर चालणारा), रंगीत खडी आणि प्लास्टिकची झाडं असा सेट बाजारात सगळीकडेच जायचा.

फिल्टरकडे आम्ही वळलो ते घरोघरी टाक्या साफ करायला जायला लागल्यावर. इंदिरानगर, पंचवटी, गंगापूर रोड, कुठेही जा, तक्रारी ठरलेल्या. पाणी दुधाळ होतं, मासे सकाळी वर येऊन हवा पितात, नवीन आणलेला मासा आठवडा काढत नाही. फिल्टर तर चांगला दिसायचा. इंदिरानगरच्या एका काकूंनी कोडं सोडवलं. मी स्पंज काढून बघत होतो, तर त्या म्हणाल्या, “अहो, ते रात्री बंदच असतं. घुर्र घुर्र करत राहतं, सासूबाई हॉलमध्येच झोपतात ना.” त्या दिवसापासून प्रत्येक घरात पहिला प्रश्न हाच विचारायला लागलो. निम्म्याहून अधिक घरांत उत्तर तेच मिळालं. कुठे आवाजामुळे, कुठे लाइट बिलाच्या काळजीने.

बिलाचं आधी सांगतो. पाच वॅटचा एअर पंप महिनाभर अखंड चालला तरी जेमतेम ३.६ युनिट जळतात. आवाजाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो गिऱ्हाइकाच्या माथी मारून चालत नाही.

कारण फिल्टर फक्त कचरा गाळत नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर घालतं. फिल्टरमधल्या स्पंजवर आणि सिरॅमिक रिंगांवर वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशांना थोडंसुद्धा सोसत नाही. नायट्रेट बरंच सोसतं आणि पाणी बदललं की जातं. हे जिवाणू ऑक्सिजनवर जगतात. पाणी वाहायचं थांबलं की बंद डब्याच्या फिल्टरमध्ये काही तासांतच त्यांची घुसमट सुरू होते, आणि सकाळी बटण दाबलं की आतलं नासकं पाणी टाकीत येतं. नाशिकच्या उन्हाळ्यात हे जास्त जाणवतं, कारण २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे, त्यांनी आणखी जपायला हवं. अशा पाण्याचा पीएच बहुधा चढा असतो, आणि पीएच जितका चढा, तितका अमोनिया जास्त विषारी.

म्हणून छोट्या टाकीसाठी फिल्टर निवडताना आमची पहिली कसोटी अशी, की तो त्या घरात रात्रभर चालू राहील का? ताकद, ब्रँड, किंमत यांचा विचार त्यानंतर.

एक-दीड फुटी टाकीला आम्ही बहुतेक वेळा साधा स्पंज फिल्टर देतो, बाहेर ठेवलेल्या एअर पंपाच्या हवेवर चालणारा. पाण्यात मोटर नाही, गप्पी माशांची पिल्लं ओढली जात नाहीत, प्रवाह इतका मऊ की फायटर माशाला त्याच्याशी झुंजावं लागत नाही. दिसायला तो देखणा नाही हे मान्य, पण मागे एक झाड लावलं की झाकतो. आवाज करतो तो पंप. प्लायच्या स्टँडवर ठेवला तर सगळा स्टँड भणभणतो. तोच पंप भिंतीवर खिळ्याला सुतळीने टांगला किंवा जाड फोमवर ठेवला, नळीला बारीक व्हॉल्व्ह लावून हवा थोडी कमी केली, की बुडबुड्यांची हलकी बुडबुड तेवढी उरते. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवा, नाहीतर नळीत उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा. लाइट गेल्यावर पाणी नळीतून मागे येऊन पंपात शिरतं, असे पंप आमच्याकडे दुरुस्तीला येतच असतात.

दोन फुटी टाकी (दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच) काठोकाठ भरली तर ५६ लिटरची, खडी आणि वरची रिकामी जागा सोडली तर ४५ धरा. तासाला पाणी चार-पाच वेळा फिरलं की पुष्कळ झालं, म्हणजे २०० लिटरच्या आसपास. काठावर टांगायचा फिल्टर इथे छान चालतो, पण खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो. स्पंज भरला, त्यात गाळ बसला की तो उतरतो. आम्ही दुकानात फिल्टर स्पंजासकट चालवतो आणि त्याच्या धारेखाली लिटरचा मग धरतो. तो मग १८ सेकंदांत भरला तर तासाला २०० लिटर. हे माप गिऱ्हाइकासमोरच घेतो. गोल्डफिशला मात्र हे गणित पुरत नाही. तो खातो खूप आणि घाणही तितकीच करतो, त्याला टाकीही मोठी लागते आणि फिल्टरही. एक फुटी टाकीत गोल्डफिश मागणाऱ्याला आम्ही गप्पी किंवा एकटा फायटर सुचवतो. काही जण नाराज होऊन दुसरीकडे जातात. जाऊ देतो.

२०२० च्या लॉकडाउननंतर घरात टाकी ठेवणारे एकदम वाढले, आणि टाकी व मासे एकाच दिवशी हवेत अशी घाईही वाढली. नव्या फिल्टरवर जिवाणू नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. तेव्हा धाकट्याने दुकानातल्या माशांच्या टाक्यांत जादा स्पंज कायमचे चालू ठेवायला सुरुवात केली. आता नवी टाकी घेणाऱ्याला त्यातला एक मुरलेला स्पंज आम्ही त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, पिशवीत बांधून देतो. सोबत ताकीदही देतो, की हा नळाखाली धुवायचा नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं. टाकीतलं पाणी बदलताना काढलेल्या बादलीतच दोन-तीनदा पिळायचा. सुरुवातीला मासे दोन-तीनच सोडायचे आणि खाणं चिमूटभर.

येताना टाकीची लांबी, रुंदी, उंची इंचांत लिहून आणा, मोबाइलवर टाकीच्या जागेचा एक फोटो काढा आणि त्या खोलीत रात्री कोण झोपतं तेही सांगा. फिल्टर दुकानात चालवून, आवाज ऐकूनच घेऊन जा.