डॉक्टरवर केस का केली नाही?

लग्नात, दहाव्याला, बसस्टँडवर, कुणीही भेटो, प्रश्न ठरलेला. बायकोच्या गळ्यावरचे काळे-पांढरे डाग दिसले की लोकांच्या अंगात वकील संचारतो. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

गोळी चुकीची नव्हती. फिटवर कार्बामाझेपिन जगभर देतात, डोसही बरोबर होता. क्वचित एखाद्याला ती अशी बाधते की कातडीच सुटते; स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात त्याला. बहुधा गोळी सुरू झाल्यावर चौथ्या दिवसापासून चार आठवड्यांच्या आत. तोवर गोळीवर संशय कोण घेणार? ताप आला, डोळे लाल झाले, तोंड आलं. गल्लीतल्या बायकांनी कांजण्या ठरवून उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवला. तालुक्याला तापासाठी भरती केलं, तिथं सिस्टर तीच गोळी अगदी वेळेवर द्यायच्या.

नांदेडला हलवलं तेव्हा स्किनच्या मॅडमनी आधी आमची औषधांची पिशवी कॉटवर उलटी केली. "ही आत्तापासून बंद." पाठ चादरीला चिकटायची आणि चादर काढताना कातडी ओल्या कागदासारखी सोबत यायची. मॅडम म्हणाल्या, केळीची पानं आणा. अर्धापूरला केळीला काय तोटा? मेव्हणा रोज पहाटे मोटारसायकलवर भारा आणायचा. सिस्टर पानं निर्जंतुक करून, मधली जाड शीर काढून अंथरायच्या. पानाला पाठ चिकटत नव्हती. पापण्या डोळ्याला चिकटू नयेत म्हणून आतून काचेची कांडी फिरवायचे, तेव्हा ती मला नाव घेऊन शिव्या द्यायची. जन्मात दिल्या नव्हत्या अशा. (हे लिहायला तिची परवानगी आहे.)

वॉर्डाबाहेर बसलेला तेव्हाचा मी केस करणारच होतो. तो अजून भांडतो माझ्याशी. म्हणतो, आशियाई वंशाच्या लोकांना ही गोळी देण्याआधी जनुकाची तपासणी करा, असं अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २००७ मध्येच सांगितलं होतं. मी म्हणतो, आपल्या तालुक्यात संध्याकाळनंतर साधं सोडियम तपासून मिळत नाही, जनुकाचं काय घेऊन बसलास! तो म्हणतो, तपासणी राहू दे. 'अंगावर पुरळ आलं, तोंड आलं तर त्याच दिवशी या' एवढं सांगायला किती पैसे पडत होते? इथं मला उत्तर सुचत नाही.

आणि खरं सांगू? फिट काही गेल्या नव्हत्या. फेनिटॉइन ही फिटवरचीच गोळी, तीसुद्धा अशीच बाधू शकते म्हणून आता तिला चालत नाही, म्हणजे वेगळी गोळी बसवायला पुन्हा त्याच डॉक्टरकडं जायचं. आमच्या भागात मेंदूचा डॉक्टर तो एकच. दिवसा कोर्टात भांडून रात्री त्याच्याच दारात कसं उभं राहायचं? ह्याला मोठं मन म्हणू नका. अडला हरी, दुसरं काय.

मॅडमनी दुष्परिणामाचा फॉर्म भरून पाठवला. त्याची नोंद गाझियाबादला, औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय केंद्रात होते. १८००-१८०-३०२४ वर रुग्णालाही कळवता येतं. त्यानं कुणाला शिक्षा होत नाही, हे ऐकलं की विचारणाऱ्यांचा रस संपतो.

तिचे डोळे अजून कोरडे पडतात, उन्हात काळा चष्मा लागतो. तिला मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. ती म्हणते, करायला पाहिजे होती केस. आमचं ह्यावरून अजून वाजतं.